धमकीची तपासणी

आमच्या कारखान्यात युनियनच्या निवडणुकीत कुणाला धमकी द्यायची तर ती दोनदा द्यावी लागते, ही पद्धत साहेबांनी पाडली. एकदा ज्याला द्यायची त्याला, आणि दुसऱ्यांदा साहेबांसमोर, त्याच जागी, त्याच आवाजात. साहेबांना जाऊन आता बराच काळ लोटला, पण पद्धत लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. मध्यंतरी कँटीनमध्ये एक जण दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला, तेव्हा बाजूचा म्हातारा फिटर चहातून तोंड न काढता म्हणाला की जे बोलायचं ते पाठ होईल असं बोल, उद्या परत बोलावं लागंल. धावून जाणाऱ्यालाच हसू फुटलं.

साहेब म्हणजे कारखान्याचे साहेब नव्हेत. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. घनसावंगीला राहायचे. आमचा साखर कारखाना त्याच तालुक्यातला. नाव सांगत नाही, कारण अजून मी तिथल्याच टाइम ऑफिसात कारकून आहे. साहेब नोकरीत असताना एकदा ऐन हंगामात आले होते आणि आमचा वजनकाटा त्यांनी सील करून टाकला होता. उसाच्या गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली. काटा बंद म्हणून मालक चिडले, रांगेत बैल ताटकळले म्हणून शेतकरी चिडले, ओव्हरटाइम बुडाला म्हणून कामगार चिडले. पुढं युनियनची निवडणूक घ्यायला तटस्थ माणूस शोधायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना एकदम साहेबच आठवले. ज्यानं सगळ्यांना सारखाच ताप दिला, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस कुठून आणणार?

तटस्थ माणूस लागला त्यालाही कारण होतं. त्याच्या आधीच्या निवडणुकीत कुणीतरी मतपेटी पळवून उसाच्या गव्हाणीत टाकली होती. गाळप चालू होतं. पट्ट्यावरच्या उसाबरोबर पेटीही आत गेली. त्या साली साखरेच्या पोत्यात थोडी मतंही भरली गेली, असं लोक अजून म्हणतात. म्हणून या वेळी निवडणूक गाळप संपल्यावर, यंत्रं उघडून दुरुस्तीला घेतलेली असताना घ्यायची आणि साहेबांचा शब्द अखेरचा मानायचा, असं दोन्ही पॅनेलांनी कबूल केलं. एखाद्या पॅनेलनं दमदाटी केल्याचं सिद्ध झालं, तर ते सगळं पॅनेल बाद करायचा अधिकारही त्यांना दिला. देताना कुणाला वाटलं नव्हतं की ते तो अधिकार रोज उठून मांडीवर घेऊन बसतील.

मला त्यांच्या मदतीला दिलं, कारण माझ्याकडं मत मागायला कोणतंच पॅनेल आलं नव्हतं. दोघांनीही माझं मत आपलं धरून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा मे महिना होता आणि साहेबांच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता. ऊन कानातून आत शिरतं, असं त्यांचं म्हणणं. एका हातात लोखंडी स्टूल. युनियनच्या ऑफिसात खुर्च्या होत्या, पण दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की निम्मा निर्णय खुर्चीच घेते, म्हणून ते कुठंही गेले तरी स्वतःच्या स्टुलावर बसायचे. पुरुष दिसला की त्याला श्रीमान म्हणायचे आणि बाई दिसली की मातोश्री. ऑफिसच्या दारात कारखान्याचा कुत्रा आडवा पडलेला असायचा, त्यालाही रोज म्हणायचे, श्रीमान, जरा बाजूला. कुत्रा उठायचा. आमचं तो कधीच ऐकत नसे. चहा अर्धा कपच घ्यायचे आणि तो संपला की उरलेला अर्धा मागवायचे. एकदम पूर्ण कप का घेत नाही, असं मी विचारलं तेव्हा पहिला अर्धा तपासणीचा असतो, असं उत्तर मिळालं.

निवडणुकीत दोन पॅनेल होती. अध्यक्षांचं जुनं पॅनेल, त्यांची निशाणी छत्री. समोर नव्या पोरांचं, त्यांची निशाणी शिट्टी. प्रचार सुरू झाला तशा तक्रारी यायला लागल्या. पहिली तक्रार डोळे वटारल्याची. गव्हाणीवरच्या एका कामगाराकडं बॉयलरवरच्या एका बुजुर्गानं कँटीनमध्ये डोळे वटारून पाहिलं होतं. मी ती लिहून घ्यायला लागलो तर साहेबांनी हात धरला.

"सारांश नको," ते म्हणाले. "मूळ माल बघू. उघडून दाखवल्याबिगर मी आजवर काही पास केलं न्हाई."

मग आम्ही कँटीनला गेलो. तक्रारदार ज्या बाकावर बसला होता तिथं साहेबांनी आपलं स्टूल मांडलं, बॉयलरवाल्याला त्याच्या जागी उभं केलं आणि वटारा म्हणाले. बॉयलरवाला आधी लाजला. मग त्यानं वटारले. साहेब मफलर सैल करून बराच वेळ बघत बसले आणि शेवटी म्हणाले की श्रीमान, तुम्ही माझ्याकडं बघूनच न्हाई राह्यले, माझ्यामागच्या पिंपाकडं बघून राह्यले. त्या माणसाला त्यांनी घनसावंगीच्या डोळ्यांच्या शिबिराला धाडलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होऊन तो परत आला तेव्हा त्याला कळलं की ज्याला वटारायचे होते तो माणूस वेगळाच होता, आणि ज्याच्याकडं वटारून पाहिलं होतं तो त्याच्याच पॅनेलचा निघाला.

दुसरी तक्रार शिट्ट्यांची. शिट्टी पॅनेलची पोरं पहाटे कॉलनीत येऊन छत्रीवाल्यांच्या खिडकीखाली शिट्ट्या फुंकतात, त्यानं बायकामुलं दचकतात. निशाणीच शिट्टी, फुंकू नका म्हणायचं कसं, हा पेच होता. साहेबांनी सगळ्या पोरांना खिडकीखाली रांगेत उभं केलं आणि स्वतः आत बाजेवर आडवे झाले. शिट्ट्या वाजल्या तसे ते खरोखरच उठून बसले. निर्णय असा झाला की शिट्टी ठेवायची, पण तिच्यातला दाणा काढून टाकायचा. त्यानंतर शिट्टी पॅनेलची प्रचारफेरी निघायची ती नुसती फुस्स फुस्स करत. दोन दिवसांनी छत्रीवाल्यांनी नवी तक्रार आणली की हे लोक आमच्याकडं बघून फुसकारतात. ती मात्र साहेबांनी नापास केली. म्हणाले, मी ऐकलं, मला झोप आली.

मोबाइलवरच्या धमक्यांचं त्यांना काही समजायचं नाही. एकानं ग्रुपवर दुसऱ्याच्या नावापुढं कवटीचं चित्र टाकलं होतं. साहेबांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि चित्र टाकणाऱ्याला विचारलं की कोण वारलं. तो म्हणाला, कुणी नाही. मग साहेबांनी दिवंगत कुणी नसताना असं टाकू नये एवढंच सांगितलं, आणि त्या माणसानं नंतर ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकलं. ज्याच्यासाठी टाकलं त्याला ते कवटीहून भयंकर वाटलं असं ऐकलं.

इथवर आम्ही सगळे हसत होतो. सुनावणीला गर्दी व्हायची. यंत्रांचे पार्ट उघडे टाकून फिटर यायचे, हातात पाने तसेच. मग एका सकाळी गफूर आला आणि हसणं थांबलं.

गफूर फिटर होता, कुंभार पिंपळगावचा. शिट्टी पॅनेलकडून चिटणीस पदाला उभा होता, आणि निवडून येईल असं वाटणारा त्यांच्यातला तोच एक. वर्षानुवर्षं मळीच्या टाकीच्या शिडीला कठडा मागणारा, कुणाच्याही कामाला धावणारा माणूस. तो ऑफिसात आला, बसला नाही. घरची अडचण आहे, उमेदवारी मागं घेतो, म्हणाला. साहेबांनी अडचण कोणती विचारली तर तो जमिनीकडं बघत राहिला. साहेब म्हणाले, अडचण दाखवा, मग घ्या मागं. गफूर निघून गेला. मी त्याला मागं गाठलं, पण माझ्याशीही तो पान्याच्या मापाविषयी बोलला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात बांगड्या भरणारी म्हातारी. आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या बायकांची मनगटं तिला पाठ. जीपमधून उतरून बांगड्यांच्या पेटीसकट ती गेटवर उभी राहिली आणि इलेक्शनवाल्या साहेबांकडं न्या म्हणाली. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. छत्री पॅनेलचा पैलवान घरी येऊन गेला होता. पैलवान म्हणजे आमच्या यार्डातला मुकादम, एके काळी आखाड्यात नाव काढलेला, आता अध्यक्षांच्या मागं उभा राहणं हेच त्याचं मुख्य काम. त्यानं तिला म्हटलं होतं की मळीच्या टाकीची शिडी निसरडी असते, अम्मी. माणूस घसरला तर वर काढेपर्यंत दुपार होते. पोराला सांगा.

"मैं नहीं डरी," ती म्हणाली. "मेरा बच्चा डर गया, के मैं डर गई."

मी पोलिसात जायचं सुचवलं. म्हातारीनं मान हलवली. एकाच तालुक्यात राहायचं, एकाच बाजारात उठायचं-बसायचं. ती साहेबांकडं बघत होती. साहेबांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाले, जागेवर जावं लागेल.

पैलवानाला बोलावलं. तो म्हणाला, मी तर म्हातारीची तब्येत विचारायला गेल्तो. साहेब म्हणाले, मग तब्येतच विचारा, पण तिथं चला. न आल्यास सगळं छत्री पॅनेल बाद, हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की अध्यक्षांनी स्वतः पैलवानाला जीपपर्यंत आणून सोडलं.

ती जीप मला जन्मभर आठवेल. मधल्या सीटवर गफूर, पैलवान, मी आणि साहेब. पैलवान दोन माणसांची जागा अडवणारा, त्यामुळं गफूर जवळजवळ त्याच्या मांडीवर. पुढं ड्रायव्हरशेजारी म्हातारी, मांडीवर बांगड्यांची पेटी. रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला पैलवान हात आडवा धरून गफूरला पुढं आपटण्यापासून वाचवत होता. सवयीनं धरत असेल. पण धमकी देणारा आणि धमकी खाणारा असे एकमेकांना सावरत चालले होते. साहेब मात्र झोपले होते.

घर लहान, पुढं ओटा, ओट्याला निंबाची सावली. साहेबांनी म्हातारीला विचारलं की तेव्हा तुम्ही कुठं होता. ती उंबऱ्याजवळ बसून बांगड्या ओवत होती. तिथं बसवलं. पैलवानाला ओट्याखाली उभं केलं. शेजारच्या भिंतीवर हळूहळू माणसं जमली, बायका दारात आल्या. पैलवानानं हात जोडून अम्मी, तब्येत कशी आहे, असं विचारलं.

म्हातारीनं बांगडी दोऱ्यात ओवली. "ऐसा नहीं," ती म्हणाली. "पहले पानी मंग्या था तू."

पैलवानाचा चेहरा तिथं पहिल्यांदा उतरला. साहेबांनी विचारलं, पाणी मागितलं होतं का. तो हो म्हणाला. प्यायला होता का? हो. साहेब म्हणाले, मंग पाणी द्या, मातोश्री. म्हातारी उठली, तांब्या-पेला घेऊन आली. पैलवान पेला हातात घेऊन उभा राहिला. इतकं मोठं शरीर, आणि एवढंसं पाणी त्याला पिववेना. शेवटी तो प्यायला, आणि भिंतीवरच्या लोकांना त्याच्या घशाचा आवाज ऐकू गेला.

मग त्यानं वाक्य म्हटलं. पुटपुटला. साहेबांनी म्हातारीला बाजूला सरायला सांगितलं, तिच्या जागी आपलं स्टूल ठेवलं, त्यावर बसले आणि दोरा-बांगडी हातात घेतली. ऐकू आलं नाही, म्हणाले. त्यानं परत म्हटलं. साहेब म्हणाले, श्रीमान, माझ्या अंगावर काटा आला न्हाई. त्या दिवशी असं म्हटलं असतं तर तुमच्या अध्यक्षांनी तुम्हाला ठेवलं असतं का? भिंतीवर कुणीतरी हसलं. पैलवान चिडला. आणि चिडला तेव्हा खरा आवाज आला. एक पाय ओट्यावर ठेवून, खाली वाकून, अगदी हळू, अगदी मायेनं तो म्हणाला की मळीच्या टाकीची शिडी निसरडी असते. माणूस घसरला तर वर काढेपर्यंत दुपार होते. पोराला सांगा.

मी दोन हात लांब होतो, तरी एक पाऊल मागं सरलो. भिंतीवरच्या एका पोरीनं आईचा पदर धरला. साहेबांच्या हातातून बांगडी सुटून ओट्यावर फुटली.

"पास," साहेब म्हणाले. "अस्सल हाय."

पैलवान तसाच वाकलेला होता. मग त्यानं पाय खाली घेतला आणि तिथंच मातीत बसला. आपण काय बोललो ते त्यानं बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. म्हातारी काचेचे तुकडे गोळा करता करता म्हणाली की तुझ्या आईच्या लग्नात मी तिला चुडा भरला होता, तिचा हात फार नरम होता.

आता साहेब पॅनेल बाद करणार, असंच सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, बाद केल्यानं शिडी निसरडी राहीलच. निर्णय असा दिला की मतदान होईपर्यंत कारखान्यात गफूर जिथं जाईल तिथं पैलवानानं त्याच्या एक पाऊल पुढं चालायचं. शिडी चढायची तर आधी पैलवान, मग गफूर. कुठं निसरडं आहे हे ज्याला ठाऊक, तोच पुढं पाहिजे. गफूरला काही झालं तर ते पैलवानाला आधी झालेलं असलं पाहिजे. आणि गफूरची उमेदवारी कायम.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यानं जे पाहिलं ते कुणी सांगितलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. पुढं पैलवान, मागं गफूर. पैलवान एकदा कामाला लागला की अर्धवट करणारा नव्हता. मळीच्या टाकीच्या शिडीवर तो पहिल्याच दिवशी चढला आणि मधली पायरी त्याच्या वजनानं सुटली. तो लोंबकळला, वरून मॅनेजमेंटला अशा शिव्या घातल्या की ऑफिसात पंखे थांबल्यासारखं झालं. कठडा आणि नव्या पायऱ्या, ज्यासाठी गफूर वर्षानुवर्षं अर्ज करत होता, त्या आठवडाभरात बसल्या. नंतर नंतर तर पैलवान गफूरच्या ताटातली भाजी आधी चाखायला लागला. गफूर म्हणायचा, अरे, हे साहेबांनी नाही सांगितलं. पैलवान म्हणायचा, तू गप जेव.

पण याचा परिणाम असा झाला की गफूर प्रचाराला जाईल तिथं पैलवान पुढं उभा. गफूर मत मागायचा आणि लोक पैलवानाकडं बघून घाईघाईनं हो म्हणायचे. मग छत्री पॅनेलचीच तक्रार आली, की आमचा पैलवान शिट्टीसाठी मतदारांना दमात घेतो. साहेबांनी ती गंभीरपणे घेतली. स्टुलावर बसले, पैलवानाला समोर उभं केलं आणि गफूरला मत मागायला लावलं. आपण घाबरलो, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. तेव्हापासून गफूर बोलत असताना पैलवानानं लोकांकडं पाठ करून खाली बसायचं, असं ठरलं. तसा तो बसायचा, आणि बसल्या बसल्या मातीत काडीनं कुस्तीचे आखाडे काढायचा.

आता पैलवान अध्यक्षांच्या मागं उभा राहत नव्हता. ही जागा रिकामी दिसायला लागली तसा अध्यक्षांना त्याचा त्रास व्हायला लागला. अध्यक्ष गोड माणूस. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. प्रत्येकाच्या घरची खबर त्यांना असायची, आणि भेटला की विचारायचे. तर एके दिवशी पैलवान ऑफिसात आला, दार लोटलं आणि साहेबांपुढं उभा राहून म्हणाला की मला तक्रार करायची आहे. मला धमकी आली.

कोणी दिली? अध्यक्षांनी. काय म्हणाले? पैलवानानं लोटलेलं दार पुन्हा घट्ट ओढून घेतलं. मग म्हणाला, ते म्हणाले, भाऊ कसा आहे.

मी हसलो. साहेब हसले नाहीत. पैलवानाचा धाकटा भाऊ आमच्याकडं हंगामी होता. पुढच्या हंगामात कुणाला बोलवायचं हे अध्यक्षांच्या शब्दावर ठरायचं. भावाचं लग्न ठरलेलं. साहेबांनी अध्यक्षांना बोलावणं धाडलं. ते आले, हसत आले, आणि भावाची चौकशी करणं हा गुन्हा झाला काय, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. साहेब म्हणाले, गुन्ह्याचं मला समजत नाही, मी फक्त माल बघतो. त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाला पैलवानाला तेच विचारायला सांगितलं. मी विचारलं, भाऊ कसा आहे. पैलवान म्हणाला, बरा आहे. गफूरनं विचारलं. बरा आहे. चहा घेऊन आलेल्या कँटीनवाल्यानं विचारलं, त्याला पैलवानानं लग्नाची तारीखही सांगितली. मग अध्यक्षांची पाळी आली. त्यांनी टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला, आपल्या वयाचा आणि पदाचा दाखला दिला. साहेबांनी दुसरा अर्धा चहा मागवला आणि वाट बघत बसले.

"भाऊ कसा आहे?" शेवटी अध्यक्षांनी विचारलं.

त्यांनी ते जास्तीत जास्त मायेनं विचारायचा प्रयत्न केला, आणि तिथंच घात झाला. खोलीत जो तो आपापल्या भावाचा, पोराचा, बायकोचा विचार करायला लागला. मला स्वतःला आठवलं की मागच्या दिवाळीत त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेचं नाव घेतलं होतं. पैलवान काही बोलला नाही. साहेबांनी कप खाली ठेवला आणि पास म्हणाले. मतदानापर्यंत अध्यक्षांनी कुणाच्याही घरच्यांची चौकशी करायची नाही, एवढाच निर्णय.

तो निर्णय ऐकायला फार सौम्य वाटला. पण अध्यक्षांनी वीस वर्षं दुसरं काही न बोलताच राज्य केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते कामगारांपुढं जायचे, हात जोडायचे, तोंड उघडायचे आणि थांबायचे. मग हवा गरम आहे, असं म्हणायचे. लोक हो म्हणायचे. एवढ्यावर प्रचार. एका सभेत तर त्यांनी पाऊण तास पावसाच्या अंदाजाविषयी भाषण केलं.

मतदान शांततेत झालं. मतपेटीवर साहेब स्वतः स्टूल टाकून बसले होते, अगदी वरच, त्यामुळं प्रत्येकाला त्यांच्या पायांमधून मत टाकावं लागलं. गफूर चिटणीस म्हणून निवडून आला. अध्यक्षही निवडून आले, थोडक्या मतांनी. वीस वर्षांची चौकशी एकदम वाया जात नाही. पैलवान कुठल्याच पदाला उभा नव्हता. निकाल लागल्यावर त्यानं सवयीनं गफूरच्या पुढं चालायला सुरुवात केली, मग थबकला आणि काय करावं हे न सुचून बाजूला होऊन उभा राहिला. गफूर त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. भावाला पुढच्या हंगामात बोलावणं आलं, पण ते कुणामुळं, हे मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ, झेंडूचे हार. दोन्ही पॅनेलांच्या लोकांनी एकेक करून हार घातले. साहेबांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले की आभारी आहे, झेंडूला ओलं फडकं गुंडाळून आणायला पाहिजे होतं. आणि खाली बसले.

त्यांना बस धरून द्यायला मी फाट्यापर्यंत गेलो. त्यांच्या हातात स्टूल, माझ्या हातात हारांचा ढीग. वाटेत ते मला म्हणाले की पहिल्याच आठवड्यात याच रस्त्यावर मला एकानं अडवलं होतं. मी विचारलं, काय म्हणाला. काही नाही, ते म्हणाले. मी सकाळी फिरायला कुठून जातो ते त्यानं सांगितलं. कुठल्या कोपऱ्यावर वळतो, दूध कुठं घेतो, कुणाच्या ओट्यावर दम खातो. सगळं बराबर सांगितलं. मग नमस्कार करून गेला.

मी थांबलो. कोण होता, विचारलं.

"तुमच्या हातात त्याचा हार हाय," साहेब म्हणाले.

मी हातातल्या हारांकडं बघितलं. सगळे सारखेच दिसत होते. कोणता, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. तुम्हाला इथं नोकरी करायची आहे, म्हणाले. कुठल्या पॅनेलचा, तेही सांगितलं नाही. मग तुम्ही तक्रार का नाही केली, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तक्रार घेणारा मीच होतो. मी स्वतःला समोर बसवून काय ऐकणार? रस्ता बदलावा वाटला होता, पण बदलला असता तर घरी कारण सांगावं लागलं असतं. म्हणून रोज त्याच रस्त्यानं गेलो.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"वाटून राह्यली," ते म्हणाले.

फाट्यावर बाभळीखाली कुणाची तरी म्हैस बांधलेली होती. साहेबांनी स्टूल टेकवलं, माझ्या हातातले हार घेतले आणि एकेका हारातला दोरा ओढून काढायला लागले. दोरा पोटात गेला तर बिचारीच्या आतड्यात अडकतो, म्हणाले. मोकळी फुलं त्यांनी म्हशीपुढं टाकली. तिनं आधी हुंगलं, मग खायला लागली. कोणाचा हार कोणता हे तिला विचारायचं नव्हतं. ती सगळी सारखीच खात होती.

तेवढ्यात घनसावंगीची बस आली. मी हात केला. साहेबांनी माझा हात धरून खाली घेतला.

"जाऊ द्या हिला," ते म्हणाले. "दुसरी येईल. बसा जरा. आज एकट्यानं जावंसं वाटून न्हाई राह्यलं."

बस थांबली, कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं, आणि निघून गेली. स्टूल एकच होतं. साहेब त्यावरून उठले आणि आम्ही दोघंही बाभळीखाली मातीत बसलो.